मॉन्ट्रोजचा मार्क्विस जेम्स ग्रॅहम : फाशी, घरची माणसं आणि मदुरैपर्यंत पोचलेलं काळीज

सांजवारा

२१ मे १६५० रोजी एडिंबराच्या भर बाजारात जेम्स ग्रॅहम, म्हणजे मॉन्ट्रोजचा पहिला मार्क्विस, याला फासावर चढवलं. खांब ३० फूट उंच, लांबून दिसावा म्हणून. नंतर मुंडकं तोडून टोलबूथ तुरुंगाच्या माथ्यावर खिळ्याला लावलं आणि हातपाय ग्लासगो, पर्थ, स्टर्लिंग आणि अ‍ॅबर्डीन या चार गावांना पाठवले. धड शहराबाहेरच्या बर्ग म्यूर माळावर, गुन्हेगारांना पुरत तिथे गाडलं. त्याचं वय होतं ३७.

स्कॉटलंडच्या यादवीतला हा सेनापती लढवय्या म्हणून प्रसिद्ध आहे आणि त्याच्या लढायांवर रग्गड लिहिलं गेलंय. मला मात्र त्याच्या घराबद्दल लिहायचंय. तो स्वतःच्या वाट्याचं भोगून गेला. पण त्याने जी बाजू धरली तिची किंमत बहिणी, बायको, मेहुणा, भाचे आणि पोरं यांनी वर्षानुवर्षं मोजली, आणि त्याचं नाव जपलं तेही त्यांनीच. लढायांच्या नकाशांत ही माणसं दिसत नाहीत.

आधी आजोळ. आई मार्गारेट रुथवेन. तिच्या आजोबांनी १५६६ मध्ये राणी मेरीच्या खासगी दालनात घुसून तिचा चिटणीस रिझिओ याचा खून करवला. तिच्या वडिलांचं, म्हणजे गौरीच्या पहिल्या अर्लचं, १५८४ साली शिर उडवलं गेलं. तिचे दोन भाऊ १६०० मध्ये पर्थच्या राहत्या वाड्यात राजाच्या माणसांकडून मारले गेले, आणि नंतर रुथवेन हे आडनाव लावायलाच कायद्याने बंदी झाली. वडिलांकडे पाहावं तर आजोबा मॉन्ट्रोजचे तिसरे अर्ल, राज्याचे चॅन्सलर. म्हणजे दरबाराची सगळ्यात वरची खुर्ची एका बाजूला आणि दरबाराने संपवलेलं घर दुसऱ्या बाजूला. अशा घरात १६१२ साली हा जन्मला, पाच बहिणींत एकुलता एक मुलगा.

आई १६१८ मध्ये गेली, वडील १६२६ मध्ये. चौदाव्या वर्षी हा पाचवा अर्ल झाला. पालकांपैकी मुख्य म्हणजे थोरला मेहुणा आर्चिबाल्ड नेपियर, लॉगॅरिथम शोधणाऱ्या जॉन नेपियरचा मुलगा. या मेहुण्याने त्याला बापाच्या मायेने सांभाळलं. त्या वर्षांचे घरखर्चाचे हिशेब टिकले आहेत. त्यांत धनुष्यबाण, गोल्फच्या काठ्या आणि चेंडू, भिकाऱ्यांना दिलेली चिल्लर अशा नोंदी आहेत. सेंट अँड्रूजला शिकताना १६२८ साली त्याने तिरंदाजीचं रौप्यपदक जिंकलं, ते पदक विद्यापीठाने अजून जपलंय.

लग्न १० नोव्हेंबर १६२९ रोजी, सतराव्या वर्षी, शेजारच्या किनेर्ड वाड्यातल्या मॅग्डलिन कार्नेगीशी. नवरदेवाचं चित्र जॉर्ज जेमसनने त्याच सुमारास काढलं. गोबऱ्या गालांचं, अंगभर नक्षीचे कपडे घातलेलं पोर आहे ते. चार मुलगे झाले. १६३३ ते ३६ हा फ्रान्स-इटलीत फिरत होता, बायको-मुलं सासऱ्यांच्या घरी.

परतला तेव्हा देश पेटायच्या बेतात होता. राजा पहिला चार्ल्स लंडनमध्ये बसून स्कॉटिश चर्चवर इंग्रजी वळणाची प्रार्थनापोथी लादत होता. त्याविरुद्ध २८ फेब्रुवारी १६३८ पासून एडिंबराच्या ग्रेफ्रायर्स चर्चमध्ये राष्ट्रीय करारावर, म्हणजे कव्हेनंटवर, सह्या सुरू झाल्या. सही करणाऱ्या पहिल्या सरदारांत मॉन्ट्रोज होता. १६३९ मध्ये कराराच्या बाजूने त्याने अ‍ॅबर्डीन घेतलं. ऑगस्ट १६४० मध्ये राजाविरुद्ध इंग्लंडवर चाल झाली तेव्हा ट्वीड नदीत पाऊल टाकणारा पहिला तोच.

मग तो फिरला का? माझ्या मते फिरला नाही. चर्चच्या कारभारात राजाने ढवळाढवळ करू नये, आणि राज्याच्या कारभारात चर्चच्या पुढाऱ्यांनी राजाला गुंडाळू नये, या दोन्ही गोष्टी त्याला एकाच वेळी मान्य होत्या. आर्गाइलचा मार्क्विस आर्चिबाल्ड कॅम्पबेल सगळी सूत्रं आपल्या हाती घेतोय असं दिसल्यावर त्याने १६४० मध्येच कंबरनॉल्डला काही सरदारांशी गुपचूप करार केला. तो फुटला. १६४१ मध्ये पाच महिने एडिंबरा किल्ल्यात कैद, आणि त्याच्यासोबत मेहुणा नेपियरही.

१६४४ मध्ये राजाने त्याला मार्क्विस आणि स्कॉटलंडचा सेनापती केलं. सैन्य मात्र शून्य. मोतद्दाराच्या वेषात, दोन सोबत्यांमागून घोड्यावर बसून तो सरहद्द ओलांडून आला. आयर्लंडहून उतरलेला अ‍ॅलस्टर मॅकोला आणि त्याचे सुमारे दोन हजार लोक येऊन मिळाले. पुढच्या वर्षभरात टिपरम्यूर, अ‍ॅबर्डीन, इन्व्हरलॉकी, ऑल्डर्न, आल्फर्ड आणि किल्सिथ, सगळीकडे जिंकला.

त्यातल्या इन्व्हरलॉकीबद्दल थोडं. जानेवारीच्या अखेरीस बर्फातून, नेहमीचा दरीचा रस्ता सोडून, डोंगर चढून त्याने माणसं नेली आणि बेन नेव्हिसच्या पायथ्याशी बेसावध कॅम्पबेल फौजेवर उतरला. २ फेब्रुवारी १६४५ ची पहाट. सेनापती आणि म्हातारा एअर्लीचा अर्ल यांची न्याहारी काय, तर ओटचं पीठ गार पाण्यात कालवलेलं, आणि ते सुरीच्या टोकाने उचलून खाल्लेलं. चूल पेटवायची सोय नव्हती. दुपारपर्यंत कॅम्पबेलांचे दीड हजारांच्या आसपास लोक पडले होते. घोड्यावरून पडून खांदा दुखावलेला आर्गाइल खाडीतल्या आपल्या गलबतावरून हे पाहत होता.

आता त्याच महिन्यांत घरी काय चाललं होतं? १४ वर्षांचा थोरला मुलगा जॉन बापाबरोबर मोहिमेवर होता. त्या हिवाळ्याच्या दगदगीनंतर तो आजारी पडला आणि मार्च १६४५ च्या सुमारास गॉर्डनांच्या वाड्यात वारला. धाकट्या जेम्सला शत्रूने शाळेच्या वयात पकडून एडिंबराला नेलं. सत्तरीतला मेहुणा नेपियर, त्याची सून, मुली, जावई असं सगळं बिऱ्हाड तुरुंगात. किल्सिथच्या विजयानंतर सुटका झाली, पण चारच आठवड्यांनी, १३ सप्टेंबरला, फिलिपहॉला डेव्हिड लेस्लीने धुक्यातून येऊन मॉन्ट्रोजची फौज मोडली. शरण आलेल्या आयरिश शिपायांची कत्तल झाली, त्यांच्या बायकापोरांनाही सोडलं नाही. म्हातारा नेपियर अ‍ॅथोलच्या डोंगरात, परक्या घरात नोव्हेंबरमध्ये वारला.

राजाच्याच हुकमाने १६४६ मध्ये मॉन्ट्रोजने शस्त्र ठेवलं आणि एका पाद्र्याचा नोकर बनून जहाजाने देश सोडला. १६४८ मध्ये मॅग्डलिन गेली. जानेवारी १६४९ मध्ये लंडनला राजाचं शिर उडालं. नव्या राजाने, दुसऱ्या चार्ल्सने, त्याला पुन्हा स्कॉटलंडवर पाठवलं आणि त्याच वेळी ब्रेडा शहरात त्याच्या शत्रूंशी तहाची बोलणी चालू ठेवली. २७ एप्रिल १६५० रोजी कार्बिसडेलला ऑर्कनीचे नवशिके शेतकरी घोडदळापुढे उधळले. मॉन्ट्रोज डोंगरात भटकला, भुकेने हातमोजे चावून खाल्ले असं सांगतात. असिंटच्या मॅक्लाउडने त्याला आर्ड्व्रेक वाड्यात धरून दिलं. बक्षीस २५,००० स्कॉटिश पौंड, त्यातला काही भाग पिठाच्या पोत्यांत.

एडिंबराच्या वाटेवर कैदी म्हणून किनेर्डला मुक्काम पडला. तिथे मुलांची शेवटची भेट झाली. बायको आधीच गेलेली. डंडी शहरावर त्याच्याच सैन्याने १६४५ मध्ये हल्ला केला होता, तरी तिथल्या लोकांनी त्याला धड कपडे दिले. ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

खटला झालाच नाही, कारण संसदेने शिक्षा आधीच ठोठावून ठेवली होती. फाशीच्या दिवशी गळ्यात त्याच्याच पराक्रमाचं जॉर्ज विशार्टने लिहिलेलं लॅटिन पुस्तक बांधलं होतं, अपमान म्हणून. त्याने ते मानाचं पदक समजून मिरवलं. अंगात रुपेरी किनारीचा लाल कोट होता, मित्रांनी दिलेला.

आणि त्या रात्रीनंतर भाचेसून एलिझाबेथ अर्स्किन, लेडी नेपियर, हिने जे केलं त्यामुळे ही गोष्ट भारतापर्यंत येते. ते प्रतिसादात लिहिते, मूळ लेख आधीच लांबलाय.

---

तिखटमीठ

वाचताना उठवलं नाही. इन्व्हरलॉकी फक्त नावाने माहीत होतं, त्या पिठाच्या न्याहारीने डोळ्यांसमोर आलं. पाच बहिणींपैकी एकीचीच गोष्ट आली, बाकीच्या?

---

सांजवारा

@तिखटमीठ, मार्गारेट नेपियरांकडे, डोरोथिया रोलोंकडे, लिलियस लसच्या सर जॉन कोहूनकडे. लिलियसच्या घरात १६३१ च्या सुमारास आक्रीत घडलं. कोहून आपल्या मेहुणीला, म्हणजे कॅथरिनला, घेऊन पळून गेला. तिचं वय लहान, आणि कोहून हा घरातल्या विश्वासातला माणूस. त्याच्यावर जे आरोपपत्र निघालं त्यात जारणमारणही होतं. एका जर्मन मांत्रिकाकडून मोहिनी घातलेले दागिने करवून तिला भुलवलं, असं कलम होतं. तो हजर न होता देशाबाहेर पळाला. मॉन्ट्रोज लवकरच परदेशी निघाला त्यामागे ही बेअब्रू असावी असं अभ्यासक मानतात, आणि मलाही ते पटतं. एकोणीस-वीस वर्षांचा घरचा कर्ता, एका बहिणीचा नवरा दुसऱ्या बहिणीला घेऊन गेलेला. कुणाला तोंड दाखवणार? या प्रकरणात मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते कॅथरिनचं. आरोपपत्रात तिची बाजू एका शब्दाने नाही.

---

नदीकाठ

लेख उत्तम, पण एक गोष्ट राहिलीये आणि ती सोडून चालणार नाही. सप्टेंबर १६४४ चं अ‍ॅबर्डीन. जिंकलेल्या शहरात तीन दिवस लूट, कत्तल, बायकांवर अत्याचार. हे त्याच्या डोळ्यांदेखत झालं. घरच्यांनी सोसलं हे खरंच, पण अ‍ॅबर्डीनमधल्या घरांचं काय? लेखात नुसतं जिंकलेल्या लढायांच्या यादीत नाव येतं.

---

सांजवारा

@नदीकाठ, हे लिहिलंत ते बरं झालं, कारण यावर नीट बोलायलाच हवं.

लढाईआधी त्याने शहराला शरण यायचा निरोप धाडला होता, निरोप्यासोबत एक नगारा वाजवणारा पोरगा होता. परतताना त्या पोराला कुणीतरी गोळी घातली. मॉन्ट्रोज संतापला आणि जिंकल्यावर शिपायांना मोकळं सोडलं. कारण सांगितलं म्हणून समर्थन होत नाही. मारले गेलेले बहुतेक निःशस्त्र नागरिक होते. अंगावरचे कपडे रक्ताने खराब होऊ नयेत म्हणून आधी उतरवून घ्यायचे आणि मग मारायचं, असं तिथल्या स्पॉल्डिंग नावाच्या बखरकाराने लिहून ठेवलंय, आणि तो राजाच्याच बाजूचा होता. त्याहून बोचणारं म्हणजे हे शहर मुळात राजनिष्ठ. पाच वर्षांपूर्वी याच मॉन्ट्रोजने त्याला दामटून करार मान्य करायला लावलं होतं. म्हणजे त्या लोकांनी त्याच्या हातून दोनदा मार खाल्ला, आधी राजाच्या बाजूचे म्हणून आणि मग विरुद्ध बाजूचे म्हणून.

याचा डाग त्याच्यावर कायम आहे आणि राहावा. फासाच्या वेळचं त्याचं धैर्य मला भारावून टाकतं, पण ते अ‍ॅबर्डीनच्या हिशेबात वळतं करता येत नाही.

---

भटकी वाट

एडिंबरात राहतो म्हणून थोडी भर. सेंट जाइल्स चर्चमध्ये मॉन्ट्रोजचं संगमरवरी स्मारक एका बाजूला आणि आर्गाइलचं बरोबर दुसऱ्या बाजूला आहे. दोन्ही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बसवली. दोघेही आडवे झोपलेले. बहुतेक पर्यटक एक बघून निघून जातात.

रॉयल माइलने खाली उतरत गेलं की मोरे हाउस लागतं. १८ मे ला मॉन्ट्रोजला गाडीत बांधून याच रस्त्याने वर आणलं, आणि आर्गाइल आपल्या मुलाच्या लग्नाच्या पाहुण्यांबरोबर या घरात होता. सज्जा अजून आहे. लोकांनी दगड मारावेत म्हणून कैद्याचे हात बांधले होते, पण गर्दी गप्प राहिली असं सांगतात.

नेपियरांचा मर्चिस्टनचा बुरूजही उभा आहे, आता एडिंबरा नेपियर विद्यापीठाच्या आवारात. बर्ग म्यूरचा माळ तिथून जवळच, आता सगळी वस्ती आहे.

---

पाटीपेन्सिल

मदुरैचं कधी येणार? शीर्षक वाचून धागा उघडलाय.

---

सांजवारा

@भटकी वाट, मर्चिस्टनचं अंतर सांगितलंत ते पुढच्या गोष्टीला फार उपयोगी आहे.

@पाटीपेन्सिल, घ्या. धड पुरल्यानंतर दोनेक रात्रींत लेडी नेपियरच्या माणसांनी माळावर जाऊन खड्डा उकरला आणि काळीज काढून तिच्याकडे आणलं. पकडले गेले असते तर काय झालं असतं ते सांगायला नको, तिचा नवरा आधीच परागंदा होता. तिने ते मसाले भरून, मॉन्ट्रोजच्या तलवारीच्या पात्यापासून घडवलेल्या पोलादी डबीत ठेवलं. ती डबी सोन्याच्या जाळीकामाच्या पेटीत. ही पेटी नेपियरांकडे व्हेनिसच्या डोजकडून, म्हणजे तिथल्या राज्यप्रमुखाकडून, आलेली, असं घराण्यात सांगत.

पुढे डबी काही पिढ्या हरवली, मग हॉलंडमधल्या एका संग्रहात सापडून नेपियरांकडे परत आली. लॉर्ड फ्रान्सिस नेपियरने १७७३ मध्ये मरताना ती मुलगी हेस्टरला दिली. हेस्टरचा नवरा सॅम्युअल जॉन्स्टन कंपनीच्या नोकरीत. १७८१ मध्ये हिंदुस्थानला येताना केप व्हर्द बेटांजवळ फ्रेंचांशी गाठ पडली. हेस्टर खाली जायला तयार होईना. नवऱ्याजवळ डेकवर, लहान मुलाचा हात धरून उभी होती, आणि दुसऱ्या हातात मौल्यवान चिजांची मखमली पिशवी. गोळा जवळ पडला, दोघांना खरचटलं, सोन्याच्या पेटीचे तुकडे झाले. पोलादी डबी शाबूत.

मदुरैला तिने एका सोनाराला ते तुकडे दाखवून हुबेहूब नवी पेटी करवून घेतली. शिवाय चांदीचा मोठा कलश करवला आणि त्यावर मॉन्ट्रोजच्या जन्ममरणाची हकीकत तमिळ आणि तेलुगू भाषांत कोरून घेतली. पंचक्रोशीत बोलवा झाली की हा कलश ज्याच्याकडे त्याला लढाईत जखम होत नाही. कलश चोरीला गेला आणि एका बलाढ्य पाळेगाराने तो मोठी रक्कम मोजून विकत घेतला. हेस्टरचा मुलगा अलेक्झांडर भाषा आणि शिकार शिकायला त्याच्याकडे जाई. एकदा शिकारीत पोराने चांगली कामगिरी केली, पाळेगार म्हणाला काय हवं ते माग. त्याने आईचा कलश मागितला. चोरीचा माल आहे हे आपल्याला माहीत नव्हतं, असं सांगून पाळेगाराने तो सन्मानाने परत केला, वर भेटीही दिल्या. पुढे कंपनी सरकारशी लढताना हा पाळेगार पकडला जाऊन मारला गेला, आणि मरताना त्याने मॉन्ट्रोजची आठवण काढली असं अलेक्झांडरने लिहिलंय.

१७९२ मध्ये कुटुंब फ्रान्समार्गे परत जात होतं. क्रांतिसरकारने सोनंनाणं जमा करायचा हुकूम काढला होता, म्हणून हेस्टरने कलश बुलोन गावातल्या एका इंग्रज बाईकडे लपवायला दिला. ती बाई थोड्याच दिवसांत वारली. कलश परत सापडला नाही.

हे सगळं अलेक्झांडरने, म्हणजे श्रीलंकेचे सरन्यायाधीश झालेल्या सर अलेक्झांडर जॉन्स्टनने, १८३६ मध्ये आपल्या मुलींना पत्रात लिहिलं. एकाच माणसाची, तीही लहानपणची आठवण आहे. तपशिलात भर पडली असेल. पण काळीज घराण्यात होतं आणि मदुरैला आलं होतं यावर विश्वास ठेवायला मला हरकत वाटत नाही.

---

उंबरठा

याच हेस्टरमुळे कॉलिन मॅकेन्झी मदुरैला आला! हिंदूंच्या गणिताची, विशेषतः लॉगॅरिथमची, माहिती तिच्या माहेरी हवी होती, कारण जॉन नेपियरचं चरित्र लिहायचं घाटत होतं. मॅकेन्झीने तिच्याकडे पंडितांशी ओळखी करून घेतल्या आणि तिथून त्याला जुने कागद गोळा करायचा नाद लागला. पुढे तो भारताचा पहिला सर्व्हेयर जनरल झाला. दक्षिणेच्या इतिहासाला त्याच्या संग्रहाशिवाय पान हलत नाही, आणि त्यात मराठी कागदही आहेत.

अजून एक. सिंध जिंकणारा चार्ल्स नेपियर हा हेस्टरच्या भावाचा मुलगा. १८४७ ते १९३६ सिंध मुंबई इलाख्यात होता, तो इतिहास आपल्याकडे शिकवला जातो, पण ही आत्या कुणाला माहीत नाही.

---

सांजवारा

@उंबरठा, मॅकेन्झीचा धागा जोडलात, फार छान. नेपियरांच्या वंशावळीत एक गोष्ट बघा. पुरुष वारस संपल्यावर हा किताब मुलींच्या बाजूने पुढे गेलाय. म्हणून हेस्टर ही मॉन्ट्रोजच्या बहिणीची वंशज, आणि काळीज काढून आणणाऱ्या एलिझाबेथचीही.

---

तिखटमीठ

आणि मॅग्डलिन? तिच्याबद्दल चारच ओळी आल्या.

---

सांजवारा

@तिखटमीठ, कागदांतच तेवढं आहे. लग्नाची तारीख, मुलांची नावं, मृत्यूचं वर्ष. एकोणीस वर्षांच्या संसारात नवरा परदेशी, मोहिमेवर, कैदेत किंवा परागंदा. बाप एका बाजूला, नवरा दुसऱ्या बाजूला. एक मुलगा गेला, दुसरा कैदेत. तिचं म्हणणं काय होतं ते कुणी टिपून ठेवलं नाही. मॉन्ट्रोजच्या कविता आवडीने वाचल्या जातात, त्यातल्या प्रेमकवितेतली सखी म्हणजे तीच असं काहींना वाटतं. मला तसं वाटत नाही, ती कविता राजकारणाचीच आहे.

---

नदीकाठ

अ‍ॅबर्डीनच्या उत्तराबद्दल आभार. आर्गाइलवरही लिहा. त्याला नेहमी भित्रा खलनायक करून सोडतात, ते बरोबर नाही.

---

सांजवारा

@नदीकाठ, सहमत. १ जानेवारी १६५१ रोजी स्कूनला दुसऱ्या चार्ल्सच्या डोक्यावर मुकुट ठेवणारा आर्गाइलच होता, आणि त्याच राजाच्या राज्यात २७ मे १६६१ रोजी त्याचं शिर मेडन नावाच्या यंत्राखाली उडवून टोलबूथच्या त्याच खिळ्यावर लावलं. मॉन्ट्रोजचं मुंडकं १६६१ च्याच जानेवारीत उतरवलं होतं. ११ मे ला सेंट जाइल्समध्ये त्याचा राजेशाही दफनविधी झाला.

आर्गाइलच्या खटल्यात मॉन्ट्रोजचा मुलगा, म्हणजे लहानपणी कैदेत टाकलेला जेम्स, दुसरा मार्क्विस म्हणून संसदेत बसला होता. मत द्यायची वेळ आली तेव्हा त्याने नकार दिला. आपल्या मनात या माणसाबद्दल एवढा राग आहे की आपल्याच्याने निष्पक्ष निवाडा होणार नाही, असं त्याचं म्हणणं. लोक त्याला 'भला मार्क्विस' म्हणत. आर्गाइलवरचा लेख मी तिथूनच सुरू करेन.